उभं राहायचा दगड

घोडपदेव,
मार्च १९५७

प्रिय मीरा,

तुझं पत्र मिळालं. आई बाळाला बघायला तुझ्या माहेरी आलीय आणि त्याला निंबेश्वरला नेऊन आपल्या दगडावर उभं करते म्हणतेय. नेऊ देऊ का, असं तू विचारलंस. आपण दीक्षा घेतली, घरातले देव समुद्रात सोडले, पण म्हातारीचा जीव त्या दगडात अडकलाय. घराण्यातलं पहिलं मूल तिथं उभं करतात. मलाही केलं होतं. एका दगडानं काय होतंय, नेऊ दे, असं मी लिहिणारच होतो. मग वाटलं, आधी बघून यावं. रविवारी एकटाच गेलो.

कल्याणहून एस.टी. फाट्यापर्यंत जाते, पुढे चालत. देऊळ यादवांच्या काळातलं म्हणतात. जत्रा सोडली तर कोणी फिरकत नाही. भर दुपार होती. गावात घरांची दारं उघडी, अंगणात धान्य वाळत घातलेलं, पण माणूस दिसेना. कुत्रीही भुंकली नाहीत. माझ्या नव्या बुटांचा तेवढा आवाज. मी ठरवून गेलो होतो. पायऱ्या चढायच्या, गाभाऱ्यापर्यंत जायचं, काही न वाहता परतायचं. आता कायदा आहे. अडवायला कोणी नव्हतंही.

दगड पायऱ्यांच्या अलीकडे आहे, चिंचेखाली. आपली माणसं पिढ्यानपिढ्या तिथूनच देव पाहत आली. त्यावर दोन पावलांचे खळगे आहेत. कोणी कोरलेले नाहीत, उभं राहून झिजलेत. त्यांत पाणी होतं. आजूबाजूची माती कोरडी ठाक. मी पाहत राहिलो. पायाला गार लागलं तेव्हा कळलं, मी त्या पाण्यात उभा आहे. टाचा नेमक्या बसल्या होत्या.

देवळातून एक म्हातारी बाहेर आली. डोळ्यांत फूल पडलेलं. वरूनच म्हणाली, "कोंड्या, आलास व्हय? लई वर्सं लावलीस." मीरा, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मग तिनं खोबऱ्याचा तुकडा टाकला. "नीट झेल. मागल्या टायमाला पाडलास." तो माझ्या ओंजळीत पडला. ओंजळ मी कधी केली, मला आठवत नाही. पायऱ्या चढायच्या राहिल्या.

फाट्याजवळ खडे टोचले तेव्हा लक्षात आलं, पायांत बूट नाहीत. मागे फिरायचा धीर झाला नाही. निंबेश्वरला जातो हे चाळीत सांगून गेलो होतो, तर जिन्यातच शेजारच्या बकुळाबाईनं गाठलं. "काय मास्तर, सगळ्यांना देव सोडायला लावलेत आणि स्वतः बूट वाहून आलात? आता समितीच्या मोर्चाला अनवाणी काय?" सगळे हसले. मीही हसलो. आत्ता खाली सभा चालू आहे, मुंबईसाठी घोषणा चालल्यात, अख्खी चाळ तिकडे आहे. खोलीत मी एकटा. पाय दोनदा धुऊन पुसले. टाचा अजून ओल्या आहेत.

एवढंच लिहून, नेऊ दे म्हणून पत्र संपवता आलं असतं. पण एक गोष्ट मी गाळली. म्हातारीनं हाक मारली तेव्हा सांगायचं होतं की मी कोंड्या नाही, माझ्या बापाचं नाव कोंडीराम होतं, मी शाळेत मास्तर आहे. तोंडातून आलं ते, "जोहार." वरच्यांपुढे वाकून घालायचा हा शब्द बाबांनी मला कधी शिकवला नाही, घरात उच्चारू दिला नाही. आणि आवाज माझा नव्हता. तो मी ओळखला. मला त्या दगडावर उभं केलं तेव्हा मी अजून मानही धरत नव्हतो, असं आई सांगते. म्हणून बाळाला नेऊ देऊ नकोस. आई रडेल, रडू दे. शिव्या मला घालू दे. शनिवारी मी तुम्हा दोघांना न्यायला येतो. तोवर त्याला कडेवरून खाली ठेवू नकोस. रोज त्याचे पाय बघ. कोरडे असले तरी मला कळव.

तुझाच,
राजाराम