कोरडा कॉस्च्युम

बाबा,

काल संध्याकाळी मी पोहायला गेले आणि न पोहताच परत आले. हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण पोहून आल्याचं सोंग मी पहिल्यांदा केलं ते तुमच्यापुढेच.

दहा वर्षांची असेन. माझ्या दम्यावर डॉक्टरांनी पोहणं सांगितलेलं, आणि तुम्ही ते औषधाच्या डोसासारखं पाळायचात. सकाळी सहाला स्कूटरवरून टँकवर सोडायचं, दूध आणायचं, तासाभराने मला घ्यायला यायचं. पुण्याच्या थंडीत त्या पाण्यात उतरायचं अगदी जिवावर यायचं हो! मग मी शक्कल काढली. नळाखाली कॉस्च्युम भिजवायचा, पिळायचा, केसांवर थोडं पाणी शिंपडायचं आणि शहाण्यासारखं बाहेर यायचं. चार दिवस खपलं. पाचव्या दिवशी आई सकाळच्या शाळेत शिकवायला गेलेली, तुम्ही स्वयंपाकघरात थालीपीठ थापताय. हात तसेच पिठाचे, आणि वाकून माझी वेणी हुंगताय. "अगं शहाणे, टँकच्या पाण्याला क्लोरीनचा वास मारतो. हा कुठला टँक?" मला वाटलं, आता पाठीत धपाटा. तुम्ही थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवलात आणि म्हणालात, "नाही गेले, असं सांगत जा. तसं सांगणारा उद्या तरी जातो. खोटं खपलं, की उद्या जायचं कारणच उरत नाही."

इथे सिंगापूरला थंडीचं निमित्तही नाही. क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटपासून स्विमिंग पूल दहा मिनिटांवर. दमा केव्हाच गेला, पण गेल्या वर्षी साखर वाढली आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी तुमचीच री ओढली. गोळ्या नको असतील तर पोहा म्हणाल्या. मी घरात जाहीर करून टाकलं, मंगळवार, गुरुवार, शनिवार. दोन आठवडे काय तो उत्साह! मग रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून निघता निघता मीटिंग, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभं राहून आंबलेलं अंग, आणि एका गुरुवारी, लाज वाटते सांगायला, मी कार्ड टॅप करून आत गेले, चेंजिंग रूमच्या बाकावर वीस मिनिटं फोन बघत बसले आणि कॉस्च्युम नळाखाली धरला. सत्तेचाळीस वर्षांची घोडी मी! फसवायचं कुणाला, तर नवऱ्याला आणि पंधरा वर्षांच्या पोरीला. साखर थोडीच फसणार होती?

पोर तुमचीच नात. थालीपिठाचा किस्सा मीच तिला हसत हसत सांगितलेला. तिने दारातच माझं डोकं हुंगलं. "आई, नो स्मेल. यू नेव्हर स्विम, लाह!" इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. नवरा खो खो हसला. मला मात्र एकदम रडूच फुटलं. तुम्ही इतके आठवलात, बाबा. शेवटी मी म्हणाले, "नाही गेले गं."

"ओके, सॅटरडे देन," म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

शनिवारी गेले. सहा फेऱ्या मारल्या, दर फेरीनंतर कठड्याला धरून धापा टाकत. पुढे दांड्या मारल्याच, पण प्रत्येक दांडी घरी येऊन सांगितली, आणि खरंच, सांगितली की दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळायचे. आता वीस फेऱ्या होतात. साखरही उतरायला लागली आहे. काल पूलवर पोचते तोच वीज पडण्याच्या धोक्याचा भोंगा वाजला आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. अर्धा तास थांबले, नळ समोरच होता, आणि कोरडा कॉस्च्युम तसाच घरी आणला. पोरीने पिशवीत डोकावून विचारलं, "टुमॉरो?" आज ऑफिसच्या आधी जाऊन आले. केस अजून धुतलेले नाहीत, वास येतोय.

हे पत्र पोस्टात कुठे टाकणार? पोहण्याच्या पिशवीत राहील. पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही हॉस्पिटलात होतात त्या शेवटच्या आठवड्यात फोनवर धाप लागत असतानाही तुम्ही विचारलंत, "पोहतेस ना गं?" मी म्हणाले, "हो बाबा, आठवड्यातून तीनदा." किती खूश झालात! तेव्हा कित्येक वर्षांत मी पाण्यात पायसुद्धा घातला नव्हता. फोनवरून वास येत नाही, म्हणून खपलं.

नव्हते जात, बाबा. आता जाते.