निवांत झोळी

५ ऑक्टोबर
खोली मनासारखी मिळाली. खिडकीबाहेर बीच जातीची उंच झाडं, पानं पिवळी पडलेली. सोमवारपासून कारखान्यात सीटबेल्टचे पट्टे ताणून तपासायचं काम. घरमालक रेइनो कांगास आणि त्यांची बायको एल्मा, दोघंही साठीपुढचे, हसरे. एल्माने आल्याआल्या गरम पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजीच, पुढे केली आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. कुणी नाही, असं सांगितलं. तिने दुसरी पेस्टी वाढली.
मला धनुष्य चालवता येतं म्हटल्यावर रेइनो खूश झाले. त्यांनी शिकारीची झोळी काढून दिली. कंबरेला आणि मांड्यांना पट्टे, खाली कापडाची बैठक, समोरून दोर खोडाला. पायाखाली खोडाला अडकवायची पुस्तकाएवढी लोखंडी फळी, चढायला खोडाला बांधायच्या सुट्या पायऱ्या. असं टांगून हरणाची वाट बघायची. मागची भाडेकरू ट्वायला ती इथेच टाकून गेली म्हणे.

८ ऑक्टोबर
अंगणातल्या झाडावर बसून पाहिलं. बैठक अरुंद आहे, मांडीचा पट्टा आतल्या बाजूला रुततो, तळवे लवकर बधिर होतात. पाठीला आधार नाही. जुन्या झोपायच्या चटईचा फोम घालून बैठक रुंद करता येईल. पाठीला पट्टा, गुडघ्यांना गाद्या. एल्माने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, बाई, झाडावर सोफा चढवतेस की काय, मग मला पण बोलव चहाला. रेइनोंनी स्वतःचं शिलाई मशीन आणून दिलं. हवं ते वापर म्हणाले, फक्त अंग सैल पडलं पाहिजे.

१२ ऑक्टोबर
झोळी तयार. सगळ्या जोडांना दुहेरी टाका घातला. माझं वजन तिला काहीच नाही.
जुनी बैठक उसवताना एक गोष्ट दिसली. मांडीच्या पट्ट्याची शिवण आधीच अर्धी उसवलेली होती, बसणाऱ्याच्या बाजूने. कात्रीने नाही. धागे चावल्यासारखे पिंजलेले. रेइनो म्हणाले, ट्वायला फार चुळबुळी होती, एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं.
जेवायला गेल्या हंगामातलं सॉसेज. चिवट. रेइनोंनी माफी मागितली. जीव धडपडला की मांस असंच होतं म्हणाले. निवांत असताना गेला तर लोण्यासारखं. एल्मा म्हणाली, पोरीला खाऊ दे की, तुझी शाळा नंतर.

१६ ऑक्टोबर
पाठीचा पट्टा अप्रतिम. अंगणात बसल्याबसल्या झोप लागली. जाग आली तेव्हा रेइनो झाडाखाली उभे होते. कुठे रुततं का, पाय बधिर होतात का, झोप गाढ होती का, असं विचारलं. झोळीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझ्या मांडीकडे पाहत होते.

१८ ऑक्टोबर
कारखान्यात मला ट्वायलाचं कपाट दिलं. आत तिचा जाड कोट आणि हिवाळी बूट. शेजारच्या मशीनवरची जोलीन म्हणाली, गेल्या ऑक्टोबरात गेली ती, निरोपसुद्धा नाही, मोठी शहाणी. इथल्या हिवाळ्यात कोट सोडून कोण जातं?
उद्या पहाटे रेइनोंबरोबर रानात जायचं ठरलं आहे. नको म्हटलं तर कारण द्यावं लागेल. जाते. रविवारी खोली बदलेन. अजून कुणाला बोलले नाही.

१९ ऑक्टोबर, रानात
सकाळी ऊन अंगावर आलं आणि डोळा लागला. जागी झाले ती उतरायचं ठरवूनच. नेहमीसारखं आधी धनुष्य आणि पिशवी दोरीने खाली सोडली. सुरी पिशवीत. फोनही. मग पाहिलं, खोडाला बांधलेल्या पायऱ्या नाहीत.
रेइनो खाली होते. हाक मारली. ते लांब दांड्याची आकडी घेऊन आले आणि माझ्या पायाखालची फळी ओढून काढली. एकदाच, सफाईने.

आता सगळं वजन दोरावर. वजन असेपर्यंत गाठ सरकत नाही. वर चढायला धरायला काही नाही. बीचचं खोड गुळगुळीत, कवेत न मावणारं. वही आणि पेन्सिल खिशात होती.

त्यांनी घडीची खुर्ची मांडली आहे. धनुष्य मांडीवर. ओरडले तर म्हणाले, ओरड, पण मग उगाच दमशील, आपल्याला घाई नाही. एल्माने थर्मासमध्ये कॉफी दिली आहे त्यांना. मला बसायला बरं वाटतंय ना, असं त्यांनी विचारलं.

सॉसेज —
मी दोनदा वाढून घेतलं होतं.

पट्टा दातांनी — ट्वायलासारखा —
टाका सुटत नाही. दुहेरी आहे. मीच —

ते थांबले आहेत मला झोप लागण्यासाठी. जागेपणी बाण मारणार नाहीत. म्हणाले ते. गेल्या वेळी घाई केली म्हणाले.

पाय झाडते आहे. सारखी. चिवट होईन. दात तुटू देत त्यांचे.

पाय बधिर होत नाहीत. कुठेच रुतत नाही. काहीतरी रुतायला हवं होतं —

ऊन परत आलं. ते उठून उभे राहिले आहेत, आवाज न करता. डोळे मिटायचे नाहीत. पाठीचा पट्टा सोडून ताठ बसते — हात मागे पोचत नाही — मान तेवढी टेकवते, क्षणभर, मग पुन्हा पाय —