एक ग्रह आजोबांना

२ मार्च

आले बाई एकदाची! खोली झकास आहे. खिडकीतून भरपूर उजेड, कपाटाचं कुलूप चक्क चालतं, आणि शाळेला सुट्टी लागली की पिटुकलीला इथेच आणायची परवानगी मिळाली. लेक नऊ वर्षांची. तोवर आत्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटेल.

घरात माणसं तीनच. माझे पेशंट म्हणजे आजोबा, सदा दौऱ्यावर असलेला त्यांचा मुलगा, आणि सूनबाई. आजोबांना झटका आला त्याला वर्ष होत आलं. उजवी बाजू लुळी, डावा हात थरथरता, बोलणं अर्धंमुर्धं. सूनबाई म्हणाल्या, आधीच्या दोघी टिकल्या नाहीत, हाताला मुंग्या येतात म्हणून सोडून गेल्या. मला हसू आलं. दिवसभर दुसऱ्याचे हातपाय चोळणाऱ्या फिजिओथेरपिस्टला मुंग्या नाही येणार तर कुणाला येणार?

५ मार्च

व्यायामाला आजोबा अजिबात दाद देत नाहीत. त्यांचा सगळा जीव कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. मॉनिटर पेटाऱ्याएवढा. त्यावर एकच खेळ: काळं आकाश, विखुरलेले तारे, ताऱ्यांभोवती ग्रह. ग्रहावर वसाहत करायची, माणसं वाढवायची, जहाजं बांधायची आणि सावकाश सगळी आकाशगंगा घशात घालायची. धावपळ कसलीच नाही. आपला डाव झाला की बटण दाबायचं, मग समोरच्याचा डाव.

आजोबा मानेने दाखवतात आणि माउस मीच हलवते, त्यांच्याही डावाला अन् माझ्याही. म्हणजे मीच माझ्यावर चाल करून जायचं! एक व्यायाम, एक डाव, असा सौदा ठरला. म्हातारा पक्का आहे.

११ मार्च

मला खेळ भलताच जमतोय, हीच पंचाईत. आजोबांच्या वाट्याला ओसाड खडक, माझे ग्रह हिरवेगार. हरले की ते जेवत नाहीत. आता पेशंटला हरवून मला काय मेडल मिळणार आहे? खेळात तह करताना आपला ग्रह समोरच्याला भेट देता येतो. मी एक लहानसा निळा ग्रह देऊन टाकला. पेशंटला जिंकू द्यावं, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो.

काय खूश झाले! वाटीभर सूप आणखी मागून घेतलं. आणि संध्याकाळी त्यांची उजवी करंगळी हलली. वर्षभर मेलेली करंगळी! मला रडूच फुटलं. सूनबाई म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे हो.

माझीच करंगळी जरा बधिर वाटतेय. चोळणं जास्त झालं असेल.

१९ मार्च

मधल्या दिवसांत आणखी दोन ग्रह दिले. आजोबांची अनामिका आणि मधलं बोट वळायला लागलं. डॉक्टर माझी पाठ थोपटून गेले.

आज चहा गाळताना बोटांना भांडं चिकटलं. वास आला तेव्हा खाली पाहिलं. फोड आलेत, दुखत नाहीत. उजवी करंगळी, अनामिका, मधलं बोट. ग्रह दिले तेवढीच बोटं, दिले त्याच क्रमाने.

हे लिहिताना अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही.

२० मार्च

आधीच्या दोघींपैकी एकीला फोन लावला. तिच्या नवऱ्याने उचलला. ती फोन धरू शकत नाही, म्हणाला, आणि ठेवून दिला.

२४ मार्च

खेळायचं नाही म्हटलं. डोळे दुखतात असं सांगितलं. आजोबा हसले आणि माउस त्यांनीच हातात घेतला. धरण्यापुरती बोटं आता आहेत त्यांच्याकडे. माझीच. मी डाव सोडला, तर माझी जहाजं उभ्या उभ्या जळाली. एक ग्रह त्यांनी मारून घेतला. भेट नव्हे, लढून. तर्जनी गेली.

निघून जावं? मग माझा डाव कोण खेळणार? खेळच पुसून टाकावा, तर गेलं ते कायमचं गेलं. या हातांवर माझं आणि लेकीचं पोट आहे. ते जिंकूनच परत घ्यावे लागतील.

३० मार्च

दोन्ही हात. कोपरापर्यंत.

बोटं हलतात, पण ती माझी वाटत नाहीत. पेन मनगटाला पट्टीने बांधलंय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आजोबा आज काठीशिवाय चालले. सूनबाईंनी पेढे वाटत मला पगारवाढ सांगितली. बरं, म्हटलं.

भीती कुठल्या ग्रहाबरोबर गेली कोण जाणे. आठवत नाही.

४ एप्रिल

पिटुकली आली. पळत येऊन गळ्यात पडली. ते दिसलं. लागलं काहीच नाही. केसांचा वास आला, एवढंच. हिला घट्ट धरायला महिनाभर झुरले होते मी.

आजोबा स्वतः दार उघडायला गेले होते. स्पष्ट बोलतात आता. तिला म्हणाले, या खेळात तिसरा भिडूही चालतो. मी नको म्हटलं. हवा तेवढा आवाज निघाला नाही.

ती कधीच खुर्चीत जाऊन बसली होती.

५ एप्रिल

माझे दोनच ग्रह उरले. तिचे पाच. हिरवे. प्रत्येकाला नाव ठेवलंय तिने — मांजरांची नावं.

तिला सांगितलं, खेळू नकोस. का, म्हणाली. काय सांगू? हात दाखवले. तिने फुंकर घातली. लागली नाही —

वायर ओढावी. बोटांत धरवत नाही —

६ एप्रिल

बाहेर लख्ख ऊन. तिघं कॉम्प्युटरसमोर. आजोबा हसतायत.

पिटुकली म्हणाली, आई, तू सारखी हरतेस. माझा एक घे ना. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने बटण —

करंगळी.

माझी करंगळी! कागद खरखरीत लागतोय. फोड दुखतोय. किती छान दुखतोय —

ती बोट झटकतेय. मुंग्या आल्या म्हणते. हसतेय. अजून एक देऊ का, विचारतेय.

नको म्हणायला हवं. म्हणणारच आहे. तिचं तिला परत देईनच, फक्त ही अनामिका तेवढी —