एक्याण्णव टक्के विश्रांती

चि. बुटक्यास,

ताईचा आशीर्वाद. (उंची सहा फूट झाली, केस पिकले, दारावर नावाची पाटी लागली, तरी माझ्या पत्रात तू बुटक्याच राहणार. पटत नसेल तर कुरकुर मनातल्या मनात कर.) तुझी पाठ कशी आहे? बायकोचा गुडघा? मुलं वेळेवर जेवतात ना, की तीही तुझ्यासारखी पडद्यासमोर बसून गिळतात? आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे आता ठीक आहोत.

पत्राचं कारण सरळ सांगते. उद्या सकाळी तुझ्या कंपनीचा माणूस आमच्या तरणतलावावर समाधानपत्र न्यायला येणार आहे. तुझं कॅमेऱ्यांचं यंत्र पोहणाऱ्यांवर उत्तम लक्ष ठेवतं, अशा मजकुराखाली व्यवस्थापक म्हणून मी सही करायची आहे. सही झाली की पहिल्या तारखेपासून दोन्ही जीवरक्षकांना घरी पाठवायचं आणि पाणी यंत्राच्या भरवशावर सोडायचं, असं समितीने ठरवलं आहे. मी सही करणार नाही. फोनवर तुझं "ताई, ऐक तर" संपत नाही आणि माझं सुरू होत नाही, म्हणून लिहिते. सवडीने वाचायचं पत्र नाही हे. आत्ता वाच.

यंत्र बसवताना तू मला खुर्चीत बसवून सगळं समजावलं होतंस, ते माझ्या ध्यानात आहे. यंत्राला माणूस दिसत नाही, ठिपके दिसतात. ठिपक्यांच्या पुंजक्याभोवती ते चौकट आखतं, चौकटीला नंबर देतं, आणि हा नंबर मघाशी कुठे होता, कुठल्या दिशेने किती जोरात निघाला होता, यावरून आत्ता कुठे असेल याचा अंदाज बांधतं. मग समोरच्या चित्राशी अंदाज ताडून बघायचा, थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवायचा, की पुढचा अंदाज. शिवाय तो नंबर पाण्यात करतोय काय, याचेही टक्के: पोहणे इतके, खेळणे इतके, विश्रांती इतके, बुडणे इतके. मला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. एक तर मी संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाले आहे (तेव्हा तू पाटीवर कोंबडा काढत होतास आणि तो बेडकासारखा दिसत होता), आणि दुसरं म्हणजे आपली आई हेच करायची. दारात चप्पल नाही, बॅट कोपऱ्यात आहे, दूध पिऊन झालंय, त्या अर्थी बुटक्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर. बहुतेक वेळा तू तिथेच असायचास. पण आई अंदाज बांधून स्वस्थ बसत नसे. हातातलं काम टाकून ती गच्चीवर बघायला जायची. तुझ्या यंत्राला उठून बघायला जाण्याची सोय नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पुढे तुझी माणसं म्हणाली, यंत्राला पोहणं कळतं, पण बुडणं कसं दिसतं ते माहीत नाही, त्याला नमुने हवेत. खऱ्या बुडणाऱ्यांची चित्रं कुठून आणायची? (देवाच्या दयेने आमच्याकडे तोवर तो माल नव्हता.) मग ठरलं की कर्मचाऱ्यांनीच बुडून दाखवायचं. बुटक्या, काय बुडलो आम्ही! सिनेमात पाहिलेलं सगळं वापरलं. दोन्ही हात वर, गटांगळ्या, "वाचवा, वाचवा" असा आरडाओरडा. तिकीट खिडकीवरचा कारकून तर इतका रंगात आला की शेवटच्या खेपेला बायकोसाठी निरोप सांगून मग बुडला. पंपवाल्याला हसू आवरेना, म्हणून त्याचं बुडणं रद्द झालं. मलाही उतरवलं. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहेच, म्हणून उथळ भागात, कमरेइतक्या पाण्यात. तुझा माणूस म्हणाला, बाई, तुम्ही बुडताना रागावल्यासारख्या दिसता, पुन्हा करा. मी पुन्हा केलं. तो म्हणाला, आता जास्त रागावल्यासारख्या दिसता. सगळे खदखदून हसले, तू काठावर पोट धरून बसलास, आणि असं कोणी खरंच बुडतं का, हा प्रश्न आपल्यापैकी एकालाही पडला नाही. यंत्र मात्र गुणी विद्यार्थ्यासारखं सगळं शिकलं.

त्यानंतरच्या फजित्या तुला तुकड्या-तुकड्यांत कळल्या आहेत, पण एक नीट सांगायलाच हवी. आमचे अध्यक्ष (दातांचे डॉक्टर, उघड्या तोंडांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरच्याने उत्तर दिलेलं त्यांना खपत नाही) एका तेवढ्याच अंगापिंडाच्या गृहस्थांना ओलांडून गेले. पाणी उसळलं, दोन चौकटी एकमेकींत मिसळल्या, आणि बाहेर पडताना यंत्राने एक नंबर हरवला. दोघांतला एक जण शिडीने वर आला. यंत्राच्या मते मात्र तो वर आलाच नव्हता, त्याचा नंबर तळाला गेला होता. भोंगा झाला. थोरला जीवरक्षक डोळे लाल होईपर्यंत तळ चाचपत होता, काठावर बायका रडत होत्या. तेवढ्यात अंगाला साबण लावलेले अध्यक्ष न्हाणीघरातून धावत बाहेर आले आणि कोण बुडालं म्हणून ओरडायला लागले. पडदा बघून मी सांगितलं, तुम्ही. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसरा ताप सकाळच्या महिला तुकडीचा. या बायका पाण्यात व्यायाम करतात: हात वर, हात हलवा, मान मागे, आणि तोंडाने एक-दोन-तीन-चारचा गजर. म्हणजे आम्ही शिकवलेलं बुडणं, हुबेहूब. रोज भोंगा. त्यांच्या म्होरक्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांनी मला गाठून सुनावलं, "आम्ही इथे जगायला येतो हो, बुडायला नाही!" मग अध्यक्षांनी तुला फोन केला आणि तू तुझ्या खुर्चीतूनच यंत्राचा कान पिळलास: नव्वद टक्क्यांच्या वर खात्री पटल्याशिवाय भोंगा करायचा नाही. भोंगे थांबले. सगळे खूश. त्या खुशीत अध्यक्षांनी पुढचा हुकूम काढला: यंत्राची कसोटी नीट व्हायची तर आठवडाभर काठावर माणूस नको. थोरला जीवरक्षक तिकीट खिडकीत, धाकटा पंपघरात. मी विरोध केला. तो कोणी ऐकला नाही, आणि मीही दुसऱ्यांदा केला नाही.

आता बुधवारचं सांगते. हे दोनदा वाच.

तुझे भावोजी रोजच्यासारखे पोहायला आले होते. रक्तदाबाची गोळी नवी, पोटात काही नाही (माझं कोण ऐकतं?). मी माझ्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. यांचा नंबर अकरा. अकराभोवती हिरवी चौकट, खाली ओळ: पोहणे. मग अकरा खोल भागात, दोरीजवळ थांबला. ओळ बदलली: उभ्याने विश्रांती, एक्याण्णव टक्के. बुडणे, तीन टक्के. खरं सांगते, मला बरं वाटलं. डॉक्टर कधीपासून सांगत होते, दम खात पोहा, आणि हे कधी ऐकत नव्हते. मी मनात म्हटलं, चला, अखेर कोणाचं तरी ऐकलं. खोलीची एक भिंत सबंध काचेची आहे. मान उजवीकडे वळवली असती तर मला माझा नवरा दिसला असता. मी पडद्यावर त्याची चौकट बघत बसले, कारण चौकट हिरवी होती.

चौकटीच्या आत काय चाललं होतं ते नंतर डॉक्टरांनी समजावलं. खरा बुडणारा ओरडत नाही, ओरडायला श्वासच उरलेला नसतो. हात वर जात नाहीत, ते पाणी खाली दाबत असतात. माणूस उभा, मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर. घरून निघताना गॅस बंद केला की नाही, हे आठवत असल्यासारखा दिसतो म्हणे. आणि हे सगळं दहा पावलांवर चाललेलं असताना मी चहा ढवळत होते.

यांना वाचवलं ते भांडकुदळपणाने. दोरीच्या पलीकडे महिला तुकडी होती आणि हे वाहत वाहत दोरीवर आले. हेडबाईंनी पाहिलं आणि सुरू केलं, "अहो, ही बायकांची बाजू आहे! सरका तिकडे! मी तुमच्याशी बोलतेय!" हे उत्तर देईनात. हेडबाईंना उलट उत्तर चालतं, मौन चालत नाही. (शाळेतली सवय.) त्यांनी हातातल्या फोमच्या दांड्याने यांना ढोसलं. तशी यांची मान कलंडली आणि हे शांतपणे पाण्याखाली गेले. हेडबाईंनी केस धरायला हात घातला. केस कुठले? हाती कान लागला, तो त्यांनी सोडला नाही. मग सगळ्या तुकडीने हात उंचावून "वाचवा, वाचवा" असा एकच आकांत केला.

आणि तेव्हा, बुटक्या, तुझ्या यंत्राने भोंगा केला. एका पाठोपाठ एक लाल चौकटी उमटत गेल्या. तुकडीतल्या झाडून सगळ्या बायका बुडत होत्या, सत्त्याण्णव टक्के, अठ्ठ्याण्णव टक्के. त्या लालभडक गर्दीच्या मधोमध एकच चौकट हिरवी होती, अकरा नंबरची, आणि तिच्याखाली लिहिलं होतं, विश्रांती.

मी काचेपर्यंत गेले, दारातून बाहेर पडले, काठावर आले आणि तिथेच उभी राहिले. उडी मारता येत नाही हे त्या क्षणी जितकं कळलं तितकं जन्मात कळलं नव्हतं. तोंडातून आवाज फुटेना. (माझ्या! जिच्या आवाजाने पंपवाला दचकतो, तिच्या!) थोरला तिकिटांचं भेंडोळं हातात तसंच घेऊन धावत आला आणि त्याने सगळ्यांत जास्त ओरडणारीला, म्हणजे हेडबाईंना, बाहेर खेचलं. त्यांच्या मुठीत कान होता, म्हणून कानापाठोपाठ हे आले.

पोटातलं पाणी काढलं, दवाखाना झाला, हे घरी आले. आणि घरी आल्यावर या माणसाने काय म्हणावं? "मला काही झालं नव्हतं, मी जरा दम खात होतो. त्या बाईने दांडा मारला म्हणून पाणी गेलं नाकात." पुरुषाला बायकांच्या तुकडीने वाचवलं हे कसं सांगायचं? त्यापेक्षा यंत्र खरं! ते वाक्य अध्यक्षांनी झेललं. संबंधित व्यक्ती स्वतः विश्रांती म्हणते, यंत्रही विश्रांती म्हणतं, म्हणजे यंत्र अचूक ठरलं. उलट मारहाणीबद्दल हेडबाईंनाच विचारायला हवं, असं त्यांचं मत. तूही फोनवर हेच म्हणालास, "ताई, भावोजी स्वतः सांगताहेत ना?" अरे, तुझे भावोजी दात पडला तेव्हा तो मुळी नकोच होता असं सांगणारे गृहस्थ आहेत!

तेव्हापासून माझी दशा विचारू नकोस. हे खुर्चीत पेपर घेऊन गप्प बसले की मी पान उलटण्याची वाट बघते. पान उलटलं नाही की हाक मारते. न्हाणीघरात आवाज थांबला की दार ठोठावते, आतून उत्तर येतं, "जिवंत आहे, साबण लावतोय." रस्त्यात कोणी नुसता थांबलेला दिसला तरी जवळ जाऊन विचारते, बरं आहे ना? शांत उभ्या माणसाची मला इतकी भीती बसेल असं वाटलं नव्हतं. तुझ्या कंपनीचं या कामावर किती अवलंबून आहे ते मला ठाऊक आहे. त्यासाठी रागव, बोल, दोन महिने फोन करू नकोस. पण दोन्ही जीवरक्षकांना मी आज माझ्या जबाबदारीवर काठावर परत बसवलं आहे. समितीला ते खुपत असेल तर आधी मला घरी पाठवावं, मग त्यांना.

मुलांना जवळ घे. पाठीला शेक देत जा.

तुझी,
ताई

ता. क. सोमवारपासून पुन्हा पोहायला जाणार, असं यांनी आत्ताच जाहीर केलं. मी नाही म्हणणार नाही. न जाता घरात गप्प बसलेले जास्त भीतीचे. हेडबाईंना मात्र मी हळूच सांगून ठेवलं आहे की दोरीपलीकडच्या एका माणसावर डोळा ठेवा आणि शंका आली की खुशाल दांडा वापरा. त्या म्हणाल्या, शंकेची वाट कशाला बघायची?

ता. क. दुसरा. आता जे मागायचं आहे ते मागते. बाकीचं सगळं पत्र यासाठीच लांबवत होते. तुझ्या कचेरीतून निरोप आला आहे की बुधवारचं चित्रण यंत्राला शिकवायला फार मोलाचं आहे, तसं खरं दुसरं त्यांच्याकडे नाही. एकेका चित्रावर चौकट आखून पोहणं कुठे संपलं आणि बुडणं कुठून सुरू झालं ते व्यवस्थापकांनी दाखवून द्यावं. शिकवायलाच हवं, ते मला पटतं. मी दोनदा बसले. सुरुवातीला हे पोहताहेत. मग हे थांबतात. त्यानंतर प्रत्येक चित्रात तोच चेहरा, जेवताना दिसतो तसा, शेजारून जाणाऱ्या कोणालाही वाटेल की बरा आहे. रेघ कुठे मारू? एक चित्र अलीकडे मारली तर वाटतं, इथे मला कळायला हवं होतं. एक पलीकडे मारली तर वाटतं, इथपर्यंत मी चहा ढवळत होते. माझ्याने होत नाही. पगारी पोरांकडे देऊ नकोस. तू स्वतः बस, दार लाव, आणि तुझ्या भावोजींच्या भोवती त्या चौकटी तू आख. इतकंच.

तुझ्या माणसाकडे उद्या सकाळी देणार आहे ते खाली लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको:

चित्रणाची डिस्क, एक. चौकटी आखलेल्या नाहीत.
समाधानपत्र, एक. सही केलेली नाही.
हे पत्र, बंद पाकिटात. भावाच्या हातातच द्यावे, असे सांगून.