आधी कंदील, मग माणूस

आबा, लिहायला फार उशीर केला, माफ करा. तुम्ही गेलात त्याला सदतीस वर्षं झाली. सातवीत शाळा सुटली, मग कागद समोर घ्यायचीच भीती वाटायची. आज राग आवरत नाही म्हणून लिहितोय.

काल पंचवटीच्या वाचनालयात एका निवृत्त मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. सरकार आपल्या रॉकेटमधून माणूस वर पाठवायचा विचार करतंय. झालं, वाद सुरू. एक म्हणतो, एवढ्या पैशात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यापाड्यावर नळ येतील. दुसरा म्हणतो, देशाची मान उंचावेल. जो आत बसणार त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढेना. मी ओरडलो, "यंत्रं पाठवा की! माणूस म्हणजे बादली आहे का, सोडली आणि ओढली?" मास्तर म्हणाले, "नाना, तुम्ही कशाला चिडता? तुम्हाला नाही नेणार, पोटाला पट्टा पुरायचा नाही." सगळे हसले.

त्यांना काय सांगू? आपण बापलेक विहिरींतला गाळ काढायचो. खाली वाईट हवा असली तर कंदील विझतो, म्हणून तुम्ही आधी तोच सोडायचात. मखमलाबादच्या त्या मळ्यात मी म्हणत होतो, वरूनच गाळ ओढू. तुम्ही म्हणालात, "गाळ निघंल रे, पण झरा कुठं बुजलाय ते उतरल्याबिगर कळत नाय." कंदील जळतच वर आला. तुम्ही उतरलात आणि कड ढासळली. दोर माझ्या हातात होता, आबा. का उतरलात?

तुमची नात, माझी लेक, जिला तुम्ही पाहिलंच नाही, बंगळूरला रॉकेटच्या कामावर इंजिनिअर आहे. तिला माणूस पाठवायच्या या नव्या कामात बोलावलंय. काल रात्री फोनवर म्हणाली, "नाना, तुम्ही हो म्हणालात तरच घेईन. सोमवारी सांगायचंय. आधी रिकामं यान सोडणार, मगच माणूस."

मी म्हणालो, "कंदीलही आधीच सोडला होता."

आणि लगेच विचारलं, "दोर कुठे बांधणार?"

"दोर नसतो, नाना. काही बिघडलं तर माणसाला सुखरूप खाली कसं आणायचं, तेच मला बघायचंय."

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. तिच्या हातून माणूस गेला तर तिलाही माझ्यासारखं जगावं लागेल. वाचनालयात मी नको नको म्हणून ओरडलो, पण लेकीला मात्र मला हो म्हणावंसं वाटतंय, आणि त्याचाच जास्त राग येतोय. हे पत्र टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे मला. तरी सोमवारच्या आत काहीतरी कळवा.