दुर्बिणीचं ऑपरेशन

१२ जुलै २००४
सिन्नरच्या एसटीत सीट मिळाली तरी शाळेपर्यंत उभीच. बसले तर डाग पडेल ही धास्ती. पाळीचा अकरावा दिवस. दुपारपर्यंत सहा पॅड. तिसरीच्या वर्गात टेबलाला धरून शिकवलं. पोरं म्हणाली, बाई, तुम्ही पांढऱ्या दिसता.

१५ जुलै
नेहमीच्या डॉ.नी सोनोग्राफी पाहिली. गर्भाशयात दोन गाठी. "कॅन्सर वगैरे नाही. पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." कटकट म्हणे! वय पस्तीस, लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. आणि डॉक्टरांची कटकट मिटतेय.

२४ जुलै
कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे. नवऱ्याला ओढूनच नेलं. बाईंनी चित्र काढून दाखवलं. पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून फक्त गाठी काढायच्या, पिशवी राहते. मुंबईत मांडीच्या शिरेतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा तोडतात म्हणे, पण मूल हवं असेल तर त्या ते सुचवत नाहीत. मूल होईलच असं नाही, पण वाट तरी उघडी. एचबी साडेसहा, आधी रक्त चढवायचं. किती दिवसांनी पोटभर जेवले.

२५ जुलै
ह्यांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं: दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. झालं! त्यांच्या दिंडोरीकडच्या गावात दुर्बीण म्हणजे सरकारी कॅम्प, पोरं बंद करायचा.
"एक बी पोर नाय अन् दुर्बीण कराया निघाली? लय शानी हाय!"
म्हटलं, अहो, पिशवी वाचवायलाच करायचंय. "माझ्या जावंची दुर्बीण झाली, फिरून पाळणा हालला नाय." ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. अस्सा राग आला.

९ ऑगस्ट
सासूबाईंनी देवळ्याच्या वैद्याकडून गाठी विरघळायच्या काढ्याच्या पुड्या मागवल्या. हे म्हणाले, "आईचं मन राखू. ऑपरेशन थांबवू, दोन महिने हे घेऊन तर बघ." घेतेय. शिकलेली बाई, चार पोरांना शहाणपण शिकवणारी, आणि मुकाट्यानं घेतेय.

११ ऑक्टो.
वर्गात कोसळले. शिपाईमावशींनी साडीभोवती स्वतःची शाल गुंडाळली. पोरांनी सगळं पाहिलं. एचबी पाच. रक्ताच्या तीन बाटल्या.

१४ ऑक्टो.
डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. मोठी गाठ वाढलीय, जागाही वाईट. आता दुर्बिणीतून नाही, पोट उघडूनच. पिशवी ठेवायचा प्रयत्न करू म्हणाल्या. सासूबाईंनाही चित्र काढून समजावलं. ते चित्र त्यांनी घरी येईपर्यंत हातात धरून ठेवलं.

२० ऑक्टो., सकाळ
दवाखान्यात. ह्यांनी संमतीपत्रावर न वाचता सही ठोकली. मी वाचलं. रक्तस्राव न थांबल्यास गर्भाशय काढण्यास संमती आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही ओळ खोडू?
"खोडलीत तर मी हात लावणार नाही. टेबलावर तुम्हीच गेलात तर?"
सासूबाई उशाशी रडतायत. "मला काय ठावं व्हतं गं, पोरी." मला त्यांचा हात धरवला नाही.
सही केली. नर्स बांगड्या उतरवायला आलीय. शुद्धीवर आल्यावर पिशवी राहिली का, हे पहिलं कुणाला विचारायचं, ह्यांना की नर्सला, तेच अजून ठरत नाही.