वकील मला ओळखू लागला आहे

२ नोव्हेंबर

लेक नोकरीवर रुजू झाली. शहर लांबचं, रात्रभराच्या प्रवासाचं. तिचा घोडा मात्र इथेच, गावाबाहेरच्या तबेल्यात. नाव वकील. प्रत्येक गोष्टीला हरकत घेतो म्हणून तिनंच ठेवलेलं. जाताना म्हणाली, तिकडचे रायडिंग स्कूलवाले त्याला घ्यायला तयार आहेत, पाठवून देऊ. म्हटलं, मी रिटायर होऊन घरात बसलोय तो कशाला? शेवटी ठरलं ते असं: डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती येणार. तिच्यासमोर मी वकिलाच्या तोंडाला हॉल्टरचा पट्टा घालून मैदानापर्यंत नीट चालवत नेलं, तर तो इथेच राहील आणि त्याच्यासाठी ती दर महिन्याला येत जाईल. नाही जमलं तर तो तिकडे जाणार.

दर महिन्याला. नुसतं आम्हाला भेटायला एवढं कोण येतं?

चिंता नाही. ऑफिसात उभी हयात कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग देण्यात गेली. विश्वासनिर्मिती हा माझा खास विषय. घोडा म्हणजे शेवटी चार पायांचा स्टाफच. उद्यापासून पहाटे उठायचं.

४ नोव्हेंबर

पहाटे उठणं रद्द. झोपमोड झाली तर घोड्याचं मत माझ्याविषयी वाईट होईल. दहाला गेलो. नवे बूट, नवी हॅट. तबेल्याच्या मालकीणबाईंनी आधी बूट बघितले, मग मला. मग सूचना: मागून जायचं नाही. आधी आवाज द्यायचा. खांद्याच्या बाजूनं जवळ जायचं. दोर हाताला गुंडाळायचा नाही. मला सूचनांचं वावडं नाही, फक्त देण्याची सवय जास्त आहे.

वकिलानं माझ्याकडे पाठ केली ती केलीच. नवीन साहेब आला की स्टाफ असाच वागतो. पहिला दिवस उत्तम.

७ नोव्हेंबर

आज तोंड माझ्याकडे. मी खांद्याच्या बाजूनं गेलो. त्यानं कान मागे टाकले आणि मान लांब केली. मी ताबडतोब मागे सरलो. समोरच्याच्या भावनांचा आदर, सेशन पहिलं. राग राहू नये म्हणून वर एक गाजरही दिलं. गाजर खाताना नजर किती प्रेमळ. माझी खात्री पटली, आमचं जमणार.

८ नोव्हेंबर

वकिलानं माझ्या बुटावर पाय ठेवला. मुद्दाम नसावा. पण काढलाही नाही. बाईंनी येऊन त्याला एका बोटानं बाजूला केलं. बोटाला काय, सवय असते.

अंगठा काळानिळा. घरी हिला सांगितलं की बूट चावला.

१३ नोव्हेंबर

दोर हाताला गुंडाळला. म्हटलं, सैल धरला तर त्याला वाटेल की आपल्याला त्याची किंमत नाही. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरनं आवाज केला. वकील गेला. मीही गेलो, कुंपणापर्यंत. दोन बोटं सुजली. हिला सांगितलं की कपाटाच्या दारात सापडली. ही म्हणाली, घरातल्या कपाटांना दारं कुठे आहेत, सगळी सरकती. बायकांचं लक्ष नको तिथे असतं.

१५ नोव्हेंबर

लेकीचा फोन. ही उचलायला गेली तर चक्क म्हणाली, बाबांना दे. मला आठवत नाही ती असं शेवटचं कधी म्हणाली होती. बराच वेळ बोललो. वकील खातो का, खरारा करून घेतो का, खूर उचलू देतो का? मी म्हटलं, अगदी पायात पाय घालतो. खरारा रोज होतो असंही सांगितलं. होणारच आहे, दोन दिवस मागेपुढे. ती म्हणाली, बाबा, मला वाटलं नव्हतं. आवाजात काहीतरी होतं. जेवण बाजूला राहिलं तरी मी फोन ठेवला नाही.

उद्यापासून खरारा.

२० नोव्हेंबर

खराऱ्याचा ब्रश वकिलानं चावून टाकला. पण त्याहून मोठी गोष्ट झाली: आमची भाषा तयार झाली आहे. त्यानं कान मागे टाकले की मला लगेच समजतं. मी मागे सरतो, गाजर काढतो, तो कान पुढे आणतो. एक शब्द बोलावा लागत नाही. आता तर मी दारात दिसताच तो कान टाकतो. म्हणजे मला लांबूनच ओळखतो. ऑफिसात माझ्याच सेक्शनचे लोक लिफ्टमध्ये मला ओळखत नसत.

हॉल्टर अजून खुंटीवरच. घाईनं नाती बिघडतात.

२४ नोव्हेंबर

आज बाई कडब्याच्या गंजीला टेकून बराच वेळ बघत उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या की एवढ्या वर्षांत इतकं झटपट आणि इतकं पक्कं ट्रेनिंग त्यांनी पाहिलं नव्हतं. मी लाजलो. म्हटलं, श्रेय घोड्याचं. त्या म्हणाल्या, हो, घोड्याचंच.

संध्याकाळी हिला कौतुकानं सगळं सांगितलं. हिनं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे तो कान हलवतो, तुम्ही मागे जाता आणि त्याला खाऊ देता. मग कोणी कोणाला शिकवलं? घोड्यांतलं हिला काय कळतं.

२५ नोव्हेंबर

रात्री झोप लागली नाही. हिचं म्हणणं तपासून पाहिलं. चुकीचं आहे. पण खात्रीसाठी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही एकदा मागे सरलात की त्याला कळलं, हा माणूस हलतो. आता उपाय एकच, त्यानं कान टाकले तरी जागा सोडायची नाही. शांत उभं राहायचं. गाजरं घरी ठेवायची.

सोपं आहे. उभंच तर राहायचंय.

२८ नोव्हेंबर

उभा राहिलो. वकिलानं कान टाकले. मी हललो नाही. त्यानं वाट पाहिली. पुन्हा टाकले, जरा जास्त. नोकरानं ऐकलं नाही की मालक आवाज चढवतो, तसंच. मग त्यानं माझी बाही धरली. पुढचं नीट आठवत नाही, पण मी दाराबाहेर होतो आणि गाजर त्याच्या तोंडात होतं. गाजरं घरी ठेवली होती. एक जॅकेटमध्ये राहिलं असावं. तीन-चार असावीत.

लेकीचा फोन आला. म्हटलं, फर्स्ट क्लास.

डिसेंबरचा पहिला रविवार

सकाळीच आली. वाळलीय. तबेल्यात जाईपर्यंत वकील, वकील, दुसरा विषय नाही. गाडीत माझ्या शेजारी बसली, मागे नाही.

हॉल्टर घेऊन मी आत गेलो. खांद्याच्या बाजूनं, आवाज देऊन, सगळं पुस्तकाप्रमाणे. त्यानं कान टाकले. मी ठरवलं होतं की मेलो तरी हलायचं नाही. पायांनी ते ऐकलं नाही. मी मागे सरलो, हात आपोआप खिशात गेला, आणि खिशात काही नाही म्हटल्यावर वकिलानं फिरून लाथ झाडली. मला लागली नाही. दाराची फळी तुटली.

लेक आधी हसली होती, माझा हात खिशात गेला तेव्हा. फळी तुटल्यावर पांढरी पडली. नंतर तिनं त्याच्याजवळ जाऊन नुसता खांदा पुढे केला. तो बाजूला झाला. हॉल्टर घालून त्याला मैदानात फिरवून आणलं.

गाडीकडे परतताना ती रागावली नाही. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. हळूच म्हणाली, बाबा, खोटं का सांगितलंत? आज लाथ तुम्हाला बसली असती. त्याला तिकडे नेते. मी विचारायला हवं होतं की मग तू कधी येणार. विचारायचं मनात होतं, देवाशपथ. मी विचारलं की तिकडे कडबा चांगला मिळतो ना.

ती गाडीत मागे बसली.

९ डिसेंबर

घोड्यांची गाडी आली. वकील गाडीला लावलेल्या फळीवरून सरळ आत चढला, एकही हरकत न घेता. जाताना माझ्याकडे बघेल म्हणून मी समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. बघितलं नाही. बाई म्हणाल्या, चहा घ्या. घेतला. मी बरा माणूस आहे असंही त्या म्हणाल्या. घोड्याच्या बाबतीत असं म्हणतात तेव्हा तो विकायचा असतो.

२१ डिसेंबर

लेकीचा फोन. जानेवारीत सुट्टी नाही, मार्चचं बघते म्हणाली. मी वकिलाबद्दल विचारलं. मजेत आहे, रुळला. खातो नीट? खातो. थंडीचं काय? ब्लँकेट घालतात. वकिलाचा विषय संपला. मग ती म्हणाली, बाबा, आणि थांबली. तिला काहीतरी बोलायचं असावं, वकिलाचं सोडून दुसरं. मी घाईनं म्हटलं, थांब, आईला देतो.